कपाटात विटलेला निळा

करंजे, सातारा
२१ ऑगस्ट २०२३

साक्षीस मामाचा जय भीम.

तुझी बरणी मिळाली. सांगलीहून एसटीच्या पार्सलातून एक थेंब न सांडता आली, तेव्हा झाकण चांगलं आहे. स्तुती संपली.

आत निळा रंग आहे असं तू म्हणाली होतीस. आत दूध आहे. तेही असलं पातळ, की डेअरीवाला कॅन घेऊन परत पाठवील. तरी म्हटलं, भाची आहे, रंगात डॉक्टर होणार म्हणून तुझी आई, आमची बायडा, गावभर सांगत फिरते, तर करून बघू. पत्र्याचा तुकडा घेतला, पॉलिशपेपरनं घासला, पांढऱ्या अस्तराचे दोन हात मारले आणि त्यावर तुझं दूध लावलं. सुकलं. काय दिसलं? पांढऱ्यावर पांढरं. मामीला दाखवलं तर ती म्हणाली, "आवं, ह्येला काय लावलंय का लावायचंय?"

यासाठी सांगलीत खोली घेऊन राहिलीस? मी दहावी नापास, पण माझ्या डब्यावर निळा लिहिलेलं असलं की आत निळाच निघतो.

आता दुसरा विनोद ऐक. उंब्रजहून महेंद्रचा निरोप आलाय. मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून तो फार मऊ बोलतो. म्हणे, "मामा, आता तुमी इश्रांती घ्या. औंदा कमानीला फ्लेक्सच लावू." आपल्या वस्तीची ती लोखंडी कमान माझ्या बापानं रंगवली, त्याच्यामागं मी रंगवली. जयंतीच्या आधी निळ्याचा ताजा हात पडला नाही असा एप्रिल उंब्रजनं बघितलेला नाही. साताऱ्यातल्या दुकानांच्या पाट्या फ्लेक्सनं खाल्ल्या, मी काही बोललो नाही. पण कमानीला फ्लेक्स? पुढाऱ्याचा वाढदिवस आहे का तो? दिवाळीत लावलेल्या पुढाऱ्याचं तोंड होळीपर्यंत पांढरंफटक पडतं, ते बघतोस ना, असं त्याला फोन करून विचारलं. तर हसला.

त्या कमानीला माझाच हात लागेल. तुझं दूध मांजराला घाल.

आणि मोबाईलवर लिहून पाठवत जाऊ नकोस. ते काचेवरचं किडकिडं वाचायला मला वेळ नाही.

तुझा मामा,
धनाजी पेंटर

*

विश्रामबाग, सांगली
२ सप्टेंबर २०२३

मामा, जय भीम.

बरणीसोबत मी चिठ्ठी ठेवली होती. तिच्यात पहिलीच ओळ होती, "काळ्यावर लावा." तुम्ही ती वाचली नाही, कारण चाळीस वर्षं रंग मारणाऱ्या पेंटरला चिठ्ठी वाचायची काय गरज? पांढरं अस्तर मारायचं, मग बोंबलायचं.

आता नीट वाचा. या रंगात रंग नाही. प्लास्टिकचे बारीक गोळे आहेत, सगळे एकाच मापाचे, इतके लहान की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. ते वाळताना एकमेकांना खेटून बसतात आणि उजेडातला निळा तेवढा परत फिरवतात. बाकीचा उजेड आरपार जातो. खाली पांढरं असलं की तोही परत येतो आणि सगळं मिळून दूध दिसतं. खाली काळं असलं की काळं बाकीचा उजेड गिळतं, निळा एकटा उरतो. कृष्णेच्या घाटावर खंड्या बसतो ना, त्याच्या पिसात तरी निळी पूड कुठं असते? पीस वाटून बघा, मळकी भुकटी होईल.

तुमच्या तेलरंगात पूड असते आणि ऊन ती पूड खातं. म्हणून तुम्हाला दरसाल उंब्रजला जावं लागतं आणि तुम्ही त्याला मान म्हणता. माझ्या रंगात खायला काही नाहीच. नुसते गोळे मात्र बोटानं पुसले जातात. म्हणून मी प्रत्येक गोळ्यावर मऊ आवरण चढवलं, वाळताना ते शेजाऱ्याला चिकटतं. बुंदीच्या लाडवात बुंदी असते तशी पाकही लागतो, तो हा पाक. त्या पाकात माझी तीन वर्षं गेली. तो जमल्यावर आमचे सर म्हणाले, "छान, पण याचा उपयोग काय?"

उपयोग मला त्या कमानीवर दाखवायचा आहे. गावात वाढलेल्या कुणाही पोराला विचारा, निळा म्हटलं की त्याला आधी ती कमान आठवते. फ्लेक्स मलाही नको. तुम्ही शब्द टाकलात तर महेंद्रदादा मोडणार नाही. तुमच्या ब्रशवर माझा भरवसा नाही, म्हणून या वेळी बरणी नाही, रंग मारलेल्या पाट्याच पाठवते.

साक्षी

*

करंजे, सातारा
१५ ऑक्टोबर २०२३

साक्षीस जय भीम.

निळ्याखाली काळं! माझ्या हाताखालच्या पोरानं असं केलं असतं तर त्याला डब्यासकट हाकलला असता. आणि तू त्यावर प्रबंध लिहितेस, आणि कुणीतरी तो वाचून तुला डॉक्टर म्हणणार.

पाट्या मिळाल्या. खोटं बोलत नाही, निळ्या आहेत. बऱ्या आहेत. पण धुरकट. चुलीजवळ टांगलेल्या कापडासारख्या. जयंतीचा निळा असा नसतो. तो लांबून, हायवेवरच्या गाडीतून दिसला पाहिजे. तुझा निळा आजारी माणसासारखा आहे, बिछान्यातून उठून दारापर्यंत येईल एवढाच.

ऊन खात नाही म्हणतेस, तर होऊन जाऊ दे. एक पाटी मी गच्चीवर टाकीशेजारी तारेनं बांधतो, ऊन, दव, कबुतरं, सगळं खाऊ दे. दुसरी मामीच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली. मार्चमध्ये दोन्ही शेजारी ठेवून बघतो. गच्चीवरची टिकली तर कमान तुझी, महेंद्रला मी सांगतो. विटली तर कमान माझी, आणि माझ्यासमोर रंगाबद्दल परत तोंड उघडायचं नाही. फ्लेक्सवाल्याचं थोबाड दोघं मिळून बंद करू, ते वेगळं.

एक सांगतो. तुमच्या कॉलेजात पेनं फार हलकी मिळतात वाटतं. पत्रातली निम्मी अक्षरं दिसलीच नाहीत, मामीकडून वाचून घ्यावं लागलं आणि ती मधेमधे हसत होती. काळ्या शाईनं लिहीत जा. आणि मोठं लिही, मुंग्या सोडल्यासारखं नको.

धनाजी पेंटर

*

विश्रामबाग, सांगली
१४ जानेवारी २०२४

मामा, जय भीम.

काळी शाई. मोठं अक्षर. खूश?

तुमचं मात्र अक्षर बघा. एका पानावर सातआठ ओळी मावतात. दुकानाची पाटी आहे का पत्र? हायवेवरच्या गाडीतून वाचता येईल.

गच्चीवरच्या पाटीचं काही कळवलं नाहीत, म्हणजे ती टिकलीये आणि तुमच्या पोटात दुखतंय. तिसरी पाटी माझ्याजवळ लॅबमध्ये कडक दिव्याखाली आहे. यंत्र म्हणतं तसूभर फरक नाही. पण सर यंत्राला मानत नाहीत. "लॅबमधला दिवा म्हणजे ऊन नव्हे, बाहेरचा पुरावा आण," म्हणतात. बाहेरचा पुरावा म्हणजे तुम्ही. माझ्या रंगाचं नशीब बघा, त्याचा साक्षीदार त्याचाच शत्रू.

आई म्हणाली की तुम्ही डिसेंबरात जिन्यात पडलात. तुम्ही तिला सांगितलंत की पायरी तुटकी होती. मामी सांगते, पायरी धड आहे. काय ते खरं लिहा.

साक्षी

*

करंजे, सातारा
३ मार्च २०२४

साक्षीस जय भीम.

पायरीचं सोड. महत्त्वाचं वाच.

आज दोन्ही पाट्या व्हरांड्यात शेजारी ठेवून बघितल्या. गच्चीवरची गेली. निळा म्हणून काही उरलेलं नाही, राखाडी पत्रा आहे. पण खरी गंमत पुढं आहे. कपाटातली पण गेली! ऊन नाही, पाऊस नाही, साड्यांच्या खाली, डांबरगोळ्यांच्या वासात बसून तुझा रंग विटला! एवढी वर्षं या धंद्यात आहे, उन्हानं विटणारे रंग बघितले, खारट हवेनं विटणारे बघितले. अंधारात बसून विटणारा रंग पहिल्यांदाच बघितला. हा शोध आहे बघ. याच्यावर लिही प्रबंध.

आता मला ती बुंदी आणि तो पाक परत सांगू नकोस. लाडू फुटला.

दोन्ही पाट्या पार्सलानं परत पाठवतोय, मेलेले रंग मी घरात ठेवत नाही. मामी बांधताना काहीतरी पुटपुटत होती, पण तिला रंगातलं काय कळतं? साडी घेताना दुकानदाराला विचारते, मोरपंखी म्हणजे कंचा.

ठरल्याप्रमाणे कमान माझी. महेंद्रला आजच निरोप देतो. तो फ्लेक्स छापून मोकळा झाला असेल तर त्याच फ्लेक्सनं त्याच्या म्हशीचा गोठा झाकू दे.

धनाजी पेंटर

*

विश्रामबाग, सांगली
९ मार्च २०२४

मामा,

पत्र मिळालं. पार्सल अजून स्टँडवरून आणायचं आहे.

सरांना सांगितलं. ते हसले नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "प्रबंधाच्या नावातून टिकाऊ हा शब्द काढून टाक. सुंदर लिही. सुंदरला पुरावा लागत नाही." मी खोलीवर आले आणि रडले. तुम्हाला हे वाचून बरं वाटेल म्हणून लिहिते.

मला कळत नाही. उन्हातली गेली असती तर समजलं असतं. कपाटातली का गेली? दमट हवेनं? डांबरगोळ्यांनी? माझ्याजवळची तिसरी जशीच्या तशी आहे. पण तुम्ही रंगाच्या बाबतीत खोटं बोलणार नाही. बाकी सगळ्या बाबतीत बोलाल, त्यात नाही.

कमान तुमची. उद्या आईबरोबर उंब्रजला जातेय, नुसतं जेवायला. मागच्या जयंतीला परीक्षेमुळं येता आलं नाही, त्यानंतरही कमान बघितलेली नाही. तुमचा तो जिवंत निळा बघून घेते.

साक्षी

*

विश्रामबाग, सांगली
१७ मार्च २०२४

मामा,

तुमच्या उत्तराची वाट बघत नाही. हे मार्करनं लिहितेय, मामीला मधे घेऊ नका, स्वतः वाचा.

मी उंब्रजची कमान बघितली. तुम्ही मागच्या वर्षी तिला निळा लावलेला नाही. जांभळा लावलाय. पिकलेल्या जांभळाचा, तोही काळपट. मी महेंद्रदादाला विचारलं, हे काय? तो इकडं तिकडं बघायला लागला. मग म्हणाला, "मामास्नी कोण सांगणार? येवढा मोठा मानूस. वाईट वाटंल त्यास्नी. म्हनून तर फ्लेक्सचं काढलं." सगळ्या वस्तीला माहीत आहे. वर्षभर त्या कमानीखालनं जाताना लोक मान खाली घालतात आणि तुम्ही समोर आलात की "झकास झालीया मामा" म्हणतात. याला ते आदर म्हणतात. थुंकते मी असल्या आदरावर.

परत येऊन स्टँडवरून पार्सल आणलं. दोन्ही पाट्या उघडल्या. मामा, दोन्ही निळ्या आहेत. गच्चीवरची पण. तिच्यावर कबुतराची घाण होती, ओल्या फडक्यानं पुसली, खालून तोच निळा निघाला. यंत्राखाली धरल्या, तिसरीसारख्याच. कपाटातली पाटी विटलीच नव्हती. अंधारात रंग विटत नसतो हे तुम्हीच लिहिलंत आणि तरी तुम्हाला कळलं नाही.

विटलेत ते तुमचे डोळे. मोतीबिंदू आहे. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की ते सगळ्यात आधी निळा अडवतं. लाल दिसतो, पिवळा दिसतो, निळा राखाडी होतो. म्हणून कमानीसाठी कालवताना तुम्हाला निळा कमी वाटला आणि तुम्ही त्यात गडद, जांभळट निळ्याची भर घालत गेलात. म्हणून माझं पेन हलकं. म्हणून मोबाईल किडकिडा. म्हणून पायरी तुटकी. मी तरी काय शहाणी, तुमचं अक्षर बघून थट्टा केली आणि तुमच्या डोळ्यावर विश्वास ठेवून माझ्या यंत्राला खोटं ठरवलं.

हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. वाटू दे. निळा न दिसणारा पेंटर म्हणजे चव न लागणारा आचारी, आणि तुम्ही सगळ्या गावाला जेवायला वाढताय. सिव्हिलला जा. नाही गेलात तर मी महेंद्रदादाला म्हणेन, फ्लेक्स लाव, आणि मधोमध तुमचा फोटो छाप, हात जोडलेला.

साक्षी

*

करंजे, सातारा
२ एप्रिल २०२४

साक्षीस जय भीम.

तुझं मार्करवालं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. मामीला म्हटलं, ही पोरगी जिभेला हाड नसलेली, बायडानं लाडावून ठेवलीये. मग मी विचारलं, "कपाटातली पाटी तू बांधलीस. रंग कंचा होता?" ती म्हणाली, "निळीच की. मोरावानी. तवाच म्हणत हुते मी." म्हटलं, मग मोठ्यानं का नाही सांगितलंस? तर म्हणते, "तुमी इचारलं कवा?"

सिव्हिलला गेलो. डॉक्टर तुझ्याच वयाचा, मिशी अजून नीट फुटलेली नाही. बॅटरी मारून म्हणाला, "आजोबा, इतके दिवस काय करत होता?" म्हटलं, निळा लावत होतो. त्याला कळलं नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा अजून तसाच आहे, तो नंतर.

पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा नर्स दिसली, मग भिंत, मग खिडकी. खिडकीत आभाळ होतं. साक्षी, आभाळ निळं आहे. तुम्ही सगळे रोज हे बघत होता आणि कुणी काही म्हणत नव्हतं. मी उजवा डोळा झाकला, तर आभाळ मळक्या पाण्यासारखं. डावा झाकला, तर निळं. असं किती वेळ केलं माहीत नाही, नर्सनं हात धरून खाली बसवलं.

चार दिवसांपूर्वी एसटीनं उंब्रजला जाऊन आलो. काळा चष्मा लावून कमानीखाली उभा राहिलो. चष्मा काढून बघितलं, महेंद्र नको नको म्हणत होता. बघितलं ते बघितलं. वर्षभर माझ्या बापाच्या कमानीवर ते जांभूळ वाळत पडलंय आणि माणसं मला चहा पाजत होती. महेंद्रला म्हटलं, "रं भाड्या, माझ्या तोंडावर शिवी दिली असतीस तर तुझ्या पाया पडलो असतो." तो रडायला लागला. रडू दे. त्याच्या आदरानं मी आंधळा मेलो असतो. तुझ्या मस्तवालपणामुळं एक डोळा परत मिळाला, ही काय फार मोठी गोष्ट नाही, तेव्हा शेफारू नकोस. पण त्या सगळ्या गावात माझी लाज राखलीस ती एकट्या तूच, माझी लाज काढून. हे लिहिलंय ते एकदाच, परत विचारायचं नाही.

आता कमान. पाट्या विटल्या नाहीत, तेव्हा ठरल्याप्रमाणे ती तुझी. फ्लेक्स परत गेला. डॉक्टरनं शिडी नको आणि धूळ नको म्हणून सांगितलंय, म्हणून मी रोज एसटीनं जातो, वर महेंद्र चढतो आणि खाली खुर्चीत बसून मी त्याला शिव्या घालतो. जांभूळ खरवडून निघालं. उद्या काळ्याचा पहिला हात. निळ्याखाली काळं मारताना माझा बाप काय म्हणाला असता ते मी तुला सांगणार नाही, तू बाईमाणूस आहेस.

तू म्हणतेस हा निळा उतरणार नाही. नसेल उतरत. मग पुढच्या एप्रिलला मला उंब्रजला कोण बोलावणार, हा विचार तुझ्या त्या यंत्राला शिवला का? मला शिवला. रात्रंदिवस तोच आहे. म्हणून एक अट. निळा तुझा, कमानीवरच्या नावाची अक्षरं माझी. अक्षरांचे पत्रे मी खाली उतरवून घेतलेत. ती पांढऱ्या तेलरंगात मीच लिहिणार, ती दरसाल उन्हानं पिवळी पडणार आणि दरसाल मीच येऊन लिहिणार. पांढरा टिकवायचा काही उपाय तुमच्या लॅबमध्ये असेल तर तो मला सांगू नकोस. जमत असलं तरी जमत नाही म्हण.

शनिवारी सकाळी ये. बरणी हलवून आण. दूध वाळून निळं होताना मला बघायचंय, आधी उजव्या डोळ्यानं आणि मग परत उजव्याच डोळ्यानं. सरांना पण आण, मला त्यांना बाहेरच्या पुराव्याबद्दल काही विचारायचंय. टिकाऊ हा शब्द प्रबंधातून काढलास का? काढला असशील तर परत घाल.

परवा तुझी सगळी पत्रं काढून बसलो. मी हलकं म्हटलं होतं ते पेन चांगलं निळं आहे गं.

येताना कपाटातली पाटी घेऊन ये. मामीनं तिच्या जागेवर साड्या पसरल्या होत्या, त्या काढायला लावल्यात.

तुझा मामा,
धनाजी पेंटर